दुलीचंद हाका मोजायचा

दुलीचंदच्या मरणाची बातमी मी त्याच्या अंध मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो करून टाकली. काळी चौकट, हार घातलेला चेहरा, अंत्यविधीची वेळ... सगळं चित्रात, खाली एक अक्षर नाही. त्या मंडळींचे फोन मजकूर वाचून दाखवतात, चित्र आलं की नुसतं 'फोटो' म्हणतात. एकाने अंदाजाने 'अभिनंदन' पाठवलं. नागरा गावच्या मित्राने विचारलं, "भाऊ, काय हाय फोटोत? तोंडानं सांगा." मी सांगेपर्यंत अंत्यविधीला यायची त्याची अर्जुनीची गाडी निघून गेली होती. आणि ही चूक कोणाची, तर ज्याला दुलीचंदने तीन वर्षं हेच शिकवलं त्याची.

अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारी संस्था आहे, तिथे तो कारकून. ऐन तरुणपणी दृष्टी गेली, पण कोणाच्या धानाच्या बांधीत कोणत्या दिवशी पाणी सोडायचं हे त्याला तोंडपाठ. मग संस्थेने यादी कॉम्प्युटरवर घ्यायची ठरवली. गावात कॉम्प्युटरचं दुकान माझं एकट्याचं, म्हणून प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्षांनी सरळ सांगितलं, दुलीचंदला तो एकट्याने चालवता आला तर खुर्ची त्याची, नाही तर दुसरा माणूस बघू.

मी जीव ओतला. अंध माणसासाठी म्हणून अक्षरं चांगली मोठी केली, वर पिवळी. दुलीचंद म्हणाला, "किती मोठी?" मी म्हणालो, "बोटभर." "मंग हात लावून वाचता येतीन का?" ... पुढच्या वेळी मी बायकोच्या आवाजात 'आपले स्वागत आहे' भरून ठेवलं. पण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन वाचणारा एक आवाज आधीच होता. "अबे, दोन बाया एकाच वेळी बोलून राहिल्या. मी कोनाचं ऐकू?" बायकोला मी हे अजून सांगितलेलं नाही. मग बटनांवर सुंदर चित्रं काढली, पाण्याचा थेंब, धानाची लोंबी. त्याच्या कानात मात्र 'बटन, बटन, बटन' एवढंच. शेतकऱ्याचं नाव भरायचं राहिलं तर रकाना लाल व्हायचा. "लाल झालं की चुकलं समज," असं मी त्याला समजावलंसुद्धा. मलाच दोन मिनिटांनी कळलं.

शेवटी मी चिडलो. "आता सगळं बोलते ना? मग झालं की!"

"बोलते त बोलू दे. मले काम करायचं हाय. ज्या दिवशी तुले हाक नाही मारली, त्या दिवशी झालं म्हन."

तेव्हापासून तो हाका मोजायला लागला. संध्याकाळी निकाल सांगायचा, "आज चौदा. नापास." मी एकेका बटनाला नाव दिलं, माऊसशिवाय सगळं चालेल असं केलं, काय चुकलं ते शब्दांत सांगायला लावलं. चौदाच्या नऊ झाल्या, नऊच्या दोन. एका सकाळी मी संस्थेच्या ओट्यावर हाकेची वाट बघत बसलो होतो. दुपारी तो पाळ्यांची छापील यादी घेऊन स्वतःच दारात आला. "शून्य," म्हणाला. खरं सांगतो, आनंद झाला, पण थोडं वाईटही वाटलं... शेवटपर्यंत खुर्ची त्याचीच राहिली.

मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोने, वहिनींनी, बोलावलं. शेतकऱ्यांनी आपसात बदललेल्या पाळ्या त्याने फोनमध्ये टिपून ठेवल्या होत्या, त्यावाचून संस्थेचं काम अडलं होतं. "तुम्ही कॉम्प्युटरवाले, काढून द्या." फोन अजून त्याच्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होता. स्क्रीन काळी. मी जाणकारासारखा चार्जरला लावला.

"बंद नाही तो," वहिनी म्हणाल्या. "ते पडदा काळाच ठेवत. पाहाचं कोनाले होतं?"

मी बोट लावलं. फोन दुलीचंदच्या सवयीच्या वेगाने बोलत तडतडला. एक शब्द कळला नाही. "वहिनी, हे काय म्हणते?" इतकी वर्षं त्या आवाजाशेजारी भाजी निवडत बसलेल्या वहिनींना सगळं कळत होतं. "दोनदा टिचका म्हनते." टिचकलं. तो भलतीकडेच गेला. "वहिनी, आता?" त्यांनी सांगितलं, मी पुन्हा चुकलो. "वहिनी..."

वहिनींनी पदराला हात पुसले.

"तीन हाका झाल्या, भाऊजी. नापास. द्या तो फोन इकडं."