कोंडाबाईची खाल्लेली दहा वर्षं

संतपूरच्या कोंडाबाईला इंग्रजीचं एक अक्षर येत नसे, पण तिच्या आयुष्यातलं कुठलंही साल विचारा, उत्तरात अमेरिका यायची. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली त्या वर्षी लग्न. माणूस चंद्रावर उतरला त्या आठवड्यात मुलगी, प्रेरणा. आभाळातून अमेरिकेचं स्कायलॅब यान पडणार म्हणून लोक कोंबड्या कापून खात होते, त्या पावसाळ्यात नवरा नागनाथ वारला.

पोरीला घेऊन ती शाळेत आली. अंगणवाडीत मदतनीस हवी होती, पण वयाची अट पंचविशीच्या आतली आणि ही तिशी ओलांडलेली. मी तेव्हा हेडमास्तर. रजिस्टरात नोंद करून वयाचा दाखला लिहिताना तिची दहा वर्षं खुशाल खाऊन टाकली. खोटं कशाला बोलू, पुण्य केल्यासारखं वाटलं. साऱ्या गावाला मी एक जूनला जन्माला घातलंय. प्रेरणाची तारीख तेवढी कौतुकानं खरी लिहिली, चंद्राची म्हणून.

प्रेरणा शिकली, कॉम्प्युटरवाल्या नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. नव्व्याण्णव साली तिला दिवस राहिले. आधी दोनदा पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरनं पडून राहायला सांगितलेलं. "आई, तू ये," एवढंच ती फोनवर म्हणायची. कोंडाबाईनं माझ्याच दाखल्यावर पासपोर्ट काढला आणि व्हिसाच्या मुलाखतीला चेन्नईला गेली; आमच्या भागाला तेच ऑफिस लागायचं.

खिडकीतल्या साहेबानं मायलेकींचे कागद शेजारी शेजारी ठेवले. लेक तीस वर्षांची, आई एक्केचाळीस. हिनं दख्खनी हिंदीत लाल ज्वारी, चंद्र, स्कायलॅब, सगळं सांगून पाहिलं. साहेब हसला म्हणे. मग त्यानं व्हिसा न देताच पासपोर्ट परत दिला.

चेन्नईहून आली ती पिशवीसकट माझ्या दारात.

"गुरुजी, माझं खरं वय लिवून द्या. नोकरी गेली तर जाऊ द्या. पोर तिकडं एकटीच पडून हाय."

जुनं रजिस्टर आता बदलता येत नाही, असं मी सांगितलं. येत होतं. पण खोटा दाखला कुणी दिला, हे आधी विचारलं गेलं असतं, आणि दोन महिन्यांत माझी पेन्शन सुरू व्हायची होती. तिनं लगेच विश्वास ठेवला. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर ती रोज दुसऱ्यांच्या लेकरांना उप्पीट वाढायची आणि मी अंगणवाडीवरून जायचं टाळायचो. श्रावणात प्रेरणाला मुलगी झाली. कोंडाबाई साखर घेऊन आली, तेव्हा मी आतल्या खोलीत बसून बायकोला सांगायला लावलं, घरात नाहीत म्हणून.

"गुरुजींनी नोकरी लावली म्हणून माझी पोर शिकली," ती बाहेर बायकोला म्हणत होती. "सांगा त्यांला."

मला सगळं ऐकू येत होतं.