एतेल्काने अडवलेलं तळघर

आमच्या द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर एतेल्काइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. वीज कडाडली की पलंगाखाली, मांजर आडवं गेलं की माघारी घरी. "अगं, मग माझ्याशी लग्न करायला कशी धजावलीस?" तिचा नवरा वेंडेल चारचौघांत चिडवायचा, आणि ती लाजून हसायची.

पण ऑक्टोबरात द्राक्षाचा रस आंबायला लागला की ती त्याच्या मागेच लागायची. आंबताना त्यातून जीवघेणा वायू सुटतो. ना वास, ना रंग, आणि तळघरात जमिनीलगत साचून राहतो. म्हणून आम्ही पेटती मेणबत्ती घेऊनच उतरतो. ज्योत विझली की तसेच माघारी. "मेणबत्ती गुडघ्याशी धर रे," ती विनवायची. वेंडेल ताडमाड उंच. पिंपं नीट दिसावीत म्हणून हात डोक्याशी. "जळतेय ना? मग झालं तर!"

त्या सकाळीही जळतच होती. मी आणि माझा तिशीतला मुलगा काल्मान, रस घ्यायला दाराशी उभे. एतेल्का बाजूला दाताळ्याने चोथा ओढत होती. पिंपाची तोटी सोडायला वेंडेल खाली वाकला आणि धपकन पडला. पुन्हा हलला नाही.

"वेंडेलकाका!" काल्मान धावला. तर एतेल्का दारात आडवी, हातात दाताळं!

"मागे हो!"

"काकू, मरतील हो ते!"

"माझे बाबा असेच पडले. माझे काका त्यांना ओढायला गेले, तेही तिथेच राहिले. पायरीवर पाऊल ठेवलंस तर भोसकीन!"

मी सुन्न झाले. स्वतःचा नवरा खाली पडलाय आणि ही बाई वाट अडवतेय! "अगं कैदाशिणी, काळीज आहे की नाही तुला?" मी किंचाळले.

"बंब बोलाव," ती एवढंच म्हणाली.

मी फोन लावला. काल्मानने तिला ढकललं, शिव्या घातल्या, शेवटी रडला. तिने त्याच्या बाहीत दाताळं खुपसलं, पण दार सोडलं नाही.

तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढवून बंबवाले उतरले. वेंडेलला वर आणलं, गवतावर निजवलं. एकाने नकारार्थी मान हलवली.

एतेल्का आधी काल्मानपाशी गेली. त्याच्या छातीवर तळवा ठेवून उभी राहिली.

"तुझा हा," ती मला म्हणाली. "घरी ने याला."

मग ती वेंडेलच्या अंगावर कोसळली.