मिस्त्रींनी शीटमागे ठेवलेली हवा

थर्मोकोलच्या शीटवर मी बोटाने टकटक केली. आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. शेजारच्या शीटवर केली, तोच आवाज. परांचीवर चढून वरच्या रांगेत केली, तिथेही तोच.

"मिस्त्री, कडेने मसाला लावलाय का?" मी वरूनच विचारलं.

गफूर मिस्त्री खाली सावलीत चहा पीत होते. "लावलाय की म्याडम. एकेका शीटला पाच-पाच लाडू. हलवून बघा, हलते का."

शीट हलत नव्हती. हलली असती तर वाद तिथेच संपला असता.

लाडू म्हणजे मसाल्याचे गोळे. आपल्याकडे भिंतीला टाईल किंवा दगडी फरशी लावताना मागे चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवतात आणि फरशी दाबतात. मिस्त्रींनी थर्मोकोल तसाच लावला होता. मी दोन दिवस लातूरच्या साईटवर होते. तेवढ्यात पश्चिमेची जवळजवळ सगळी भिंत झाकून झाली होती. बोटभर पोकळी ठेवून.

साईट बिलोलीला होती. मी नांदेडच्या पांचाळ सरांकडे साईट इंजिनिअर आहे. घर वाघमारे सिस्टरांचं. सरकारी दवाखान्यात नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, पण गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणतं. घर साधं, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. स्लॅबवर आधीच्या वर्षी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर देऊन झाला होता. आता भिंतींची पाळी होती. बाहेरून थर्मोकोल, त्यावर फायबरची जाळी, त्यावर खास मसाल्याचं पातळ प्लास्टर आणि वर रंग. थर्मोकोल पॅकिंगचा नव्हे. बांधकामाचा, जाड आणि आग सहज न धरणारा. आतून लावून तेवढा उपयोग नाही, कारण मग भिंत तापतेच. बाहेरून लावला की ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही.

हे ऐकून लोक म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, कूलर लावा. सिस्टरांकडे कूलर होता. पण दुपारी लाईट गेली की कूलर हा नुसता पत्र्याचा डबा असतो. आणि त्यांचा मुलगा सिद्धार्थ त्याच पश्चिमेच्या खोलीत पलंगावर असतो. पाच वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मानेखाली मणक्याला मार लागला. छातीपासून खाली त्याला हालचाल नाही. आणि, हे मला सिस्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, घामही नाही. आपण तापलो की घाम येतो आणि अंग थंड होतं. त्याचं अंग नुसतं तापत जातं. मागच्या मे महिन्यात तो बोलता बोलता बरळायला लागला. सिस्टरांनी जीपमध्ये घालून त्याला नांदेडला नेलं.

ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, असं म्हणायची पद्धत आहे. खोटं आहे ते. ज्याच्या भिंती तापतात आणि ज्याला उठून सावलीत जाता येत नाही, त्याच्यावर ते जास्त पडतं. थंड खोलीला आपल्याकडे चैन समजतात. सिद्धार्थच्या घरात ती औषधाच्या यादीत पहिली होती.

म्हणून त्या पोकळ आवाजाने मी भडकले.

"ड्रॉइंग दिलं होतं ना तुम्हाला? शीटच्या चारी कडांनी मसाल्याचा सलग बांध, मध्ये तीन गोळे. चित्र काढून दिलं होतं."

"बघितलं की."

"मग?"

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. ते किल्लारीकडचे. भूकंपानंतर तिकडे नवी गावं उभी राहत होती तेव्हा घमेली वाहत कामाला लागले आणि तिथेच थापी हातात घेतली. माझ्या वयापेक्षा त्यांचा अनुभव मोठा आहे आणि ते हे कधी बोलून दाखवत नाहीत. त्या दिवशीही आवाज चढला नाही.

"म्याडम, तुम्हीच म्हणाला व्हता. थर्मोकोलात काय असतंय, नुसती हवा. ती हवाच ऊन अडवती. म्हणाला व्हता का न्हाई?"

"म्हणाले होते."

"मग म्या म्हटलं, हवाच कामाची हाय तर मागं अजून थोडी ठिवू. पोराची खोली हाय. जास्तच थंड व्हईल. बांध घातला असता तर मसाला लई लागला असता आन् हवेला जागा ऱ्हायली नसती."

पहिल्या दिवशी मी खरोखर एवढंच सांगितलं होतं. पुढचं अर्धं वाक्य सांगितलं नव्हतं. हवा ऊन अडवते, पण कोंडलेली. थर्मोकोलच्या दाण्यांत ती कोंडलेली असते, तिला हलता येत नाही. शीटच्या मागे खालून वरपर्यंत मोकळी पोकळी ठेवली तर तिथली हवा तापून वर जाते आणि खालून बाहेरची गरम हवा आत ओढली जाते. म्हणजे भिंतीला बाहेरून झाकायचं आणि मागून गरम वारा घालायचा. शिवाय शीटला कडेला आधार नसला की ती उन्हात वाकते आणि वरचं प्लास्टर सांध्यासांध्यावर तडकतं. पावसाळ्यात त्या तडांतून पाणी.

परांचीवर असतानाच पांचाळ सरांना पाठवायला मी फोनवर मेसेज टाईप केला होता. 'मिस्त्रींनी निष्काळजीपणा केला आहे.' तो खोडला आणि फोन लावला.

"सर, पश्चिमेच्या शीट काढाव्या लागतील."

"का? पडल्या?"

"नाही. पक्क्या आहेत. मागे पोकळी आहे."

"पक्क्या आहेत तर काढायच्या कशाला? फास्टनर मारून टाक." फास्टनर म्हणजे छत्रीसारख्या डोक्याचे प्लास्टिकचे लांब खिळे. "वरून जाळी ओढ, प्लास्टर कर. आत कोण बघायला येतंय?"

"बघायला कुणी येणार नाही सर. पण आत माणूस राहणार आहे."

"पल्लवी, भाषण नको. मसाला हैदराबादहून येतो. परत मागवायला चार दिवस. सिस्टरनी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी घर रंगवून मागितलंय. शब्द मी दिलाय."

"चूक माझी पण आहे. मी त्यांना अर्धवट सांगून गेले."

सर म्हणाले, "मिस्त्री तयार आहे का काढायला? मनाविरुद्ध काढायला लावलंस तर दुसऱ्या वेळेलाही तसंच लावेल. त्याला पटव. मग मला फोन कर."

हे त्यांनी बरोबर सांगितलं, हे मी मान्य केलं पाहिजे.

पण पटवायचं कसं? मी कागदावर बाण काढून दाखवले. मिस्त्रींनी सभ्यपणे मान हलवली. म्हणजे पटलं नव्हतं. एवढ्यात खिडकीतून सिद्धार्थचा आवाज आला. तो लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देतो आणि दिवसभर खिडकीतून आमचं काम ऐकत होता.

"ओ इंजिनिअर, किती वेळ भांडून राहिले? उन्हाळ्यात स्वेटर घालणारं बिलोलीतलं पहिलं घर आमचं, आणि त्याची पण बटणं उघडी म्हणता?"

"बटणं नाही, खालची शिवण उघडी आहे," मी म्हटलं. "मागून वारा वाहतोय."

"वाहतोय तर दाखवा की. कागदावर कशाला? आई, उदबत्ती दे यांना."

सिस्टर उदबत्ती घेऊन बाहेर आल्या. दुपारचे चार वाजले होते. ऊन सरळ त्या भिंतीवर होतं. मी खालच्या रांगेच्या खाली, शीटपासून वीतभर लांब उदबत्ती धरली. धूर आधी सरळ वर गेला. मग वाकला आणि शीटच्या मागच्या फटीत शिरला. कुणी ओढून घ्यावा तसा.

"मिस्त्री, वर जाऊन बघा."

ते परांचीवर चढले. छज्ज्याखाली, जिथे शीट संपते तिथे त्यांनी तोंड नेलं. वास घेतला. मग हाताचा पंजा त्या फटीवर धरला आणि पटकन मागे घेतला.

"सिस्टर," ते वरूनच म्हणाले, "ही तर चूल हाय."

ते खाली आले आणि माझ्याशी न बोलता थापी घेऊन पुन्हा वर गेले. पहिली शीट त्यांनी स्वतः काढली.

मी सरांना फोन करून कळवलं आणि सिस्टरांना सगळं सांगितलं. चूक काय, कुणाची आणि किती दिवस लागतील. त्यांनी विचारलं, "ऊन वाढायच्या आत होईल?"

"होईल."

"नक्की सांग. नाहीतर याला मी नांदेडला भावाकडे ठेवते. तिथं त्याचं करायला कुणी नाही, पण खोली गार आहे."

"नक्की."

"मग काढा. आणि जयंतीचं मनावर घेऊ नका. बाबासाहेबांना घाईचं काम चाललं नसतं."

काही शीट काढताना मोडल्या, बऱ्याच वाचल्या. भिंतीला चिकटून राहिलेले लाडू ग्राइंडरने घासून सपाट केले. दीड दिवस नुसती धूळ. सिद्धार्थची खिडकी ओल्या चादरीने बंद केली, तरी तो आतून शिंकत होता आणि शिंकून झाल्यावर आमचा उद्धार करत होता. पश्चिमेला काम फक्त सकाळी. दुपारी त्या भिंतीवर पातळ मसाला लावला तर धरायच्या आधीच वाळतो. म्हणून सकाळी सातला सुरू, अकराला बंद, दुपारी सावलीतल्या पूर्वेकडची कामं.

या वेळी प्रत्येक शीटला मिस्त्रींनी कडेने बांध घातला. एका शीटचा बांध कोपऱ्यात बोटभर तुटला होता. मला दिसलाही नव्हता. त्यांनी लावलेली शीट ओढून काढली आणि हाताखालच्या गवंड्याला म्हणाले, "इथनं चूल पेटती बाबा. भर." हैदराबादचा मसाला तीन दिवसांतच आला. जाळी बसली, प्लास्टरचे दोन हात झाले. रंग पांढराच हवा होता, गडद रंग ऊन खातो. सिस्टरांनी खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या निळ्या करून घेतल्या. तेरा एप्रिलला दुपारी परांची उतरली. मी सगळ्या भिंतीवर टकटक करत फिरले. आवाज भरीव होता. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

तरी खरी परीक्षा बाकी होती. ती एप्रिलच्या शेवटी झाली. बिलोलीत दुपारी बाराला लाईट गेली ती साडेचारपर्यंत आली नाही. मला हे मिस्त्रींच्या फोनवरून कळलं. ते जवळच दुसऱ्या कामावर होते. "म्याडम, सिस्टरकडं फोन लावा. मला लावायचा धीर व्हत न्हाई."

मी लावला. सिस्टरांचा फोन उचलला गेला नाही. पुन्हा लावला. नाही. माझ्या डोक्यात जीप, नांदेड, सगळं फिरून गेलं. मग सिद्धार्थच्या नंबरवर लावला.

"बोला इंजिनिअर."

"कसा आहेस? आई कुठेत? फोन उचलत नाहीत."

"आई देगलूरला लग्नाला गेली. बँडच्या आवाजात ऐकू येत नसेल."

"तुला एकट्याला सोडून?"

"एकटा कुठला, शेजारची मावशी बसलीय बाहेर पोथी वाचल्यासारखी डाळ निवडत. ताप बघितला दोनदा, नॉर्मल. खोली एसीसारखी न्हाई, उगं खोटं कशाला बोलू. पण भिंतीला हात लावला तर हात ठेवता येतो, भाजत न्हाई." मग म्हणाला, "उन्हाळ्यात आई दुपारची घराबाहेर पडलीय, पाच वर्षांत पहिल्यांदा. निघताना साडी तीनदा बदलली तिनं."

मी मिस्त्रींना कळवलं. ते "हाव, बरं झालं" एवढंच म्हणाले आणि पलीकडे कुणावर तरी मसाला पातळ केला म्हणून ओरडले.

आता नव्या साईटवर मी मिस्त्रींना काम समजावून सांगते आणि मग म्हणते, आता तुम्ही मला समजावून सांगा. लोक हसतात. यात अर्धा तास जातो. भिंतीवरचे लाडू घासायला दीड दिवस जातो.