नोंद क्रमांक एक

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. तीस वर्षं हायस्कूलात गणित शिकवलं. भुताखेतांवर विश्वास ठेवायला सवडच झाली नाही. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण जे झालं ते झालं...

मी हुबळीत केशवापूरला राहते. रिटायर झाल्यावर, मोडी वाचता येते म्हणून, धारवाडच्या वाटेवर रायापूरला एका खासगी संशोधन प्रकल्पात काम मिळालं. इंग्रजांच्या काळातली गावोगावची साथीची पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायची. कोण मेलं, वय काय, कशानं. गावचा कुलकर्णी हे लिहून वर पाठवायचा. काम किचकट, आणि आमचे साहेब असे की मोडीचं एक अक्षर येत नाही, पण चुका काढायला सगळ्यांच्या पुढे.

तपासणीची पद्धत अशी — मी मूळ पान मोठ्यानं वाचायचं, समोर गंगक्का स्क्रीनवर बघून 'सरि' म्हणणार, म्हणजे बरोबर. गंगक्का धारवाडची, माझ्याच वयाची. कानडी पुस्तकं ती वाचते. दिवसभर मेलेल्यांची नावं आणि 'सरि'. हळूहळू सवय होते.

गेल्या उन्हाळ्यात कलघटगीकडच्या एका खेड्यातून बसप्पाअण्णा आले. निवृत्त बस कंडक्टर. त्यांच्या गावात प्लेग आणला तो त्यांच्या पणजीनं, यल्लव्वानं, माहेराहून येताना. पहिली तीच मेली, असं गाव चार पिढ्या म्हणतंय. म्हणून देवीच्या जत्रेत ओटी भरायला त्यांच्या घरच्या बाईचा नंबर सगळ्यांत शेवटी.

"मॅडम, आमची आई शेवटाला उभारून उभारून गेली," ते म्हणाले. "आता सून म्हणते, मी जातच नाही. यल्लव्वाच्या आधी कोण गेलं असेल तर तेवढं कागदावर द्या की. पंचांच्या पुढं ठेवतो."

बघते म्हटलं. तिथंच चुकलं माझं.

पुस्तक निघालं. त्या साथीपुरतंच वेगळं बांधलेलं, मोडीतलं. पहिलं पान, पहिली ओळ मी वाचली — "क्रमांक एक, यल्लव्वा, वय तीस, गाठीचा ताप." बसप्पाअण्णांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि गंगक्कानं 'सरि' म्हणायच्या आत आवाज आला — "सुळ्ळु."

सुळ्ळु म्हणजे खोटं. बाईचा आवाज. मागच्या बाकावरची मुलगी फळ्यावरची चूक सांगते तसा, सरळ.

मी गंगक्कावर खेकसले, "खोटं काय आहे त्यात?"

"मी कुठं बोलले? मला वाटलं तुम्हीच की हो."

दुपारचे बारा, दार बंद, शेजारची खोली रिकामी. मी गॅलरी बघितली, जिना बघितला, गंगक्काचा मोबाईलसुद्धा तपासला. परत वाचलं. परत "सुळ्ळु". दुसरी नोंद वाचली, काही नाही. तिसरी, काही नाही. पुन्हा पहिली — "सुळ्ळु".

घाबरायला हवं होतं, पण मला चीड आली. गणितात नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही, कुठली पायरी चुकली ते दाखवावं लागतं. म्हणून एकेक रकाना सुटा वाचला. नाव... शांत. वय... शांत. गाठीचा ताप... शांत. गंगक्कानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग म्हटलं, "क्रमांक एक."

"सुळ्ळु."

म्हणजे यल्लव्वा पहिली नव्हतीच. तिच्याआधी कुणीतरी गेलं होतं आणि कुलकर्ण्यानं ते लिहिलं नव्हतं. प्लेगचं घर जाहीर झालं की सरकारी माणसं कौलं उतरवायचे, घरच्यांना माळावरच्या छावणीत न्यायचे. घर वजनदार असलं की लेखणी अडत असणार. हा अर्थात माझा अंदाज.

"मग पहिलं कोण?" मी मराठीत विचारलं, गंगक्कानं कानडीत. अर्धा तास बसून राहिलो. काही नाही.

त्या गावचं जन्ममृत्यूचं नेहमीचं पुस्तक मागवलं. 'रेकॉर्डला नाही' असं उत्तर आलं. मी शेऱ्यात लिहिलं, 'पहिला क्रमांक संशयास्पद.' साहेबांचा फोन — "आधार काय?" काय सांगणार, कपाळ? शेरा काढायला लावला.

बसप्पाअण्णांना प्रत दिली, जशी आहे तशी. आणि आवाजाचंही सगळं सांगितलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"तुम्ही खोटं कशाला बोलाल," ते म्हणाले. "पण पंचांना आवाज कुठून दाखवू?"

जत्रा झाली. सून गेली नाही. पासष्टीची त्यांची बायको गेली आणि उन्हात शेवटाला उभारली.

ते पान त्यानंतर मी कितीदा वाचलंय, मोजलं नाही. आवाज नाही. गंगक्का म्हणते ती यल्लव्वाच होती. असेल, नसेल, मला आजही काही सांगता येत नाही. कुणी असशील ती अस. माझं भांडण एवढंच आहे — खोटं म्हणायला एवढ्या वर्षांनी तोंड उघडलंस, मग खरं नाव घ्यायला काय झालं होतं?