सव्वीस गोष्टींत नसलेली गोष्ट

सविताचं घर कुसगावात. नवरा कैलास एका हॉटेलात देखभालीचं काम बघतो, आणि ती तुंगार्लीच्या बंगल्यांवर उतरणाऱ्या पाहुण्यांना जेवणाचे डबे पुरवते. दुपारी दोन ते चार, एवढाच काय तो वेळ तिचा स्वतःचा. यंदा वाढदिवसाला लेक सृष्टी पुण्याहून आली आणि तिनं आईच्या हातात एक पेटी ठेवली. आत पाच डीव्हीडी होत्या.

"तुझी ती रविवारची सिरीयल. लहानपणापासून ऐकतेय मी हिच्याबद्दल. सगळेच्या सगळे सव्वीस भाग आहेत."

सविता आठवीत असताना ही मालिका टीव्हीवर लागायची. विज्ञानकथांची मालिका, दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं. तिच्या माहेरच्या वाडीत टीव्ही एकच, तो तिच्या वडिलांचा. रविवारी निम्मी वाडी त्यांच्या पडवीत जमायची.

कैलासनं माळ्यावरचा प्लेअर काढून पुसून दिला. रोज दुपारी एक-दोन भाग, असा तिचा नेम सुरू झाला. पहिले दोन दिवस ती हरखून बघत होती. चंद्रावरचा पोस्टमन, माणसांची वयं बदलून देणारा न्हावी, सगळं जसंच्या तसं आठवत होतं. तिसरी डिस्क लावली तेव्हा मात्र तिच्या लक्षात आलं, की आपण गोष्टी बघत नाही आहोत, एक गोष्ट शोधतो आहोत.

ती गोष्ट हिराची होती. हिरा तिच्याच वर्गातली, बौद्धवाड्यातली. तीही रविवारी यायची, पडवीच्या पायरीवर बसायची. आठवीत शाळेनं कथास्पर्धा ठेवली. सवितानं चार दिवस खपून भुताची गोष्ट लिहिली. हिराच्या गोष्टीत डोंगरावर परक्या ग्रहावरची माणसं उतरतात आणि म्हणतात, आम्हाला तुमच्या गावातले फक्त वास द्या, बदल्यात काय हवं ते मागा. वासाला काय किंमत, म्हणून गाव हो म्हणतं. मग इंद्रायणी तांदूळ शिजतो, पण भात झालेला कळत नाही. गवत कापलेलं कळत नाही. शेवटी एक बाळंतीण बाळाच्या टाळूला नाक लावते आणि रडायला लागते.

बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली. तालुक्याला हीच पाठवायची म्हणाल्या. तेव्हा सविता उठून उभी राहिली.

"बाई, ही टीव्हीवर लागली होती. मी पाहिलीय. हिरापण आमच्याकडंच बघत होती."

हिरा नुसती बघत राहिली. बाईंच्या घरी टीव्ही नव्हता. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि तालुक्याला भुताची गोष्ट गेली.

आपण खोटं बोललो, हे सविताला त्या दिवशी ठाऊक होतं. पण वर्षं गेली तशी तिला ती डोंगरावरची माणसं पडद्यावर दिसायला लागली, त्यांचे चकचकीत कपडेसुद्धा. असेलच लागलेली, असं ती स्वतःला सांगत आली.

चौथी डिस्क संपली. पाचवीतला शेवटचा भाग संपून नावं वर सरकायला लागली, तेव्हा गॅसवरचं वरण करपल्याचा वास तिला आला. ती उठली नाही. तिनं सृष्टीला फोन लावला.

"एखादा भाग गाळला असेल का गं?"

"नाही गं आई. सव्वीसच होते. का?"

"काही नाही," म्हणून तिनं फोन ठेवला.

माहेरी भाऊ केरबाकडून तिनं हिराचा पत्ता काढला. हिरा आता सुदुंबऱ्यात राहत होती, जवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होती. रविवारी सविता तिच्या दारात उभी राहिली. हिरानं ओळखलं. आत बोलावलं, पाणी दिलं. कॉटवर तिची आई भामाबाई बसली होती. सवितानं खाली बघतच सगळं सांगितलं.

हिरानं तिच्या हातातला पाण्याचा पेला घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हे मला नको. आईला सांग. तिला कमी ऐकू येतं, मोठ्यानं सांग."

"मावशी, हिरानं गोष्ट चोरली नव्हती. मी खोटं बोलले होते."

"काय?"

"मी खोटं बोलले होते!" सविता ओरडली. समोरच्या दारात कपडे वाळत घालणारी बाई थबकून बघायला लागली.

भामाबाई हिराकडे वळल्या. "आन् मी हिला मारलं की गं. लोकाच्या पायरीवर बसतीस आन् वर चोरी करतीस, म्हून. लय मारलं."

"माराचं जाऊ दे आई," हिरा म्हणाली. मग सविताकडे वळून, "मलाच पुढं वाटायला लागलं, की मी खरंच तुमच्याकडं पाहिली असेल आणि विसरले असेन. नंतर काही सुचलं, की पहिलं मनात यायचं, हे कुठं बघितलंय आपण? मग लिहायचंच सोडलं."



"कसली व्हती ती गोष्ट?" भामाबाईंनी विचारलं.

"वासाची काहीतरी. आता नीट नाही आठवत," हिरा म्हणाली.

सविताला आठवत होती. तिनं ती सांगितली, मोठ्या आवाजात, पहिल्या वाक्यापासून. भातापाशी भामाबाई हसल्या. बाळंतिणीपाशी त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पाठच आहे की तुला," हिरा म्हणाली. "एवढी आवडली होती?"

"हो."

"मग तेव्हा तसं का नाही म्हणालीस?"

सविता उठून उभी राहिली. निघताना माफी मागायला ती दारात वळली, पण हिरानंच तिला थांबवलं. "आज नको. मला काय वाटतंय ते मलाच कळत नाही अजून."

घरी येऊन तिनं कैलासला सगळं सांगितलं. "एवढ्या वर्षांपूर्वीचं, पोरवयातलं," तो म्हणाला. समजूत काढायलाच म्हणाला, पण तिला ते ऐकवेना. ती उठून उद्याच्या डब्यांचे तांदूळ निवडायला बसली.