दोन पायल्या नवे तांदूळ

विमान म्हणजे आमच्या दाभोसा गावाच्या आभाळातून जाणारी पांढरी रेघ, एवढीच आमची ओळख. मग तिकिटं स्वस्त झाली. "गुरुजी, रेल्वेच्या एसी डब्याच्या पैशांत विमान! कशाला दिवस घालवता?" जव्हारचा सायबर कॅफेवाला म्हणाला. माझा धाकटा भाऊ बंगळुरात दवाखान्यात होता, काविळीने पार खंगलेला. मी आईचं आणि माझं तिकीट काढलं.

आमच्याकडे नवे तांदूळ आधी देवाला, मग घरातल्या सगळ्यांनी एकत्र खायचे. एक जण जरी बाहेर असला तरी आई नवं तोंडात घालत नसे. "त्याला नव्याची पेज पाजीन, मंग मी खाईन," असं म्हणत तिने दोन पायल्या तांदूळ पिशवीत बांधले. शिवाय अंथरुणं, भांडी, नागलीचं पीठ. जीपच्या टपावर टाकलेल्या सामानाचं वजन आमच्याकडे कोण करतं? माणशी पंधरा किलो, असं तिकिटावर छापलं होतं. पोरांना वजनमापं शिकवणाऱ्या मला ते वाचायचं सुचलं नाही.

विमानतळावर काट्याने आमची अक्कल काढली. जादा भरायला खिशात पैसे होते, पण मागची रांग चुळबुळत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईवर खेकसलो, "काढ ते तांदूळ! तिकडं दुकानात ढीग मिळतात."

तिने ते झाडूवाल्या बाईच्या पदरात ओतले. रिकामी पिशवी झटकून काखेत मारली.

विमानात पाणीसुद्धा विकत होतं. पूर्वी कसं गरम जेवण यायचं, म्हणून शेजारचा प्रवासी कुरकुरत होता. आईला मी हौसेने खिडकी दिली होती. तिने बाहेर पाहिलंच नाही. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तिच्या घड्या घालत राहिली.

दवाखान्यात भावाने डोळे उघडले तेच विचारत, "आये, नवं आणलंस?"

"आणलंय रं," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दुकानातल्या तांदळाची पेज त्याने दोन चमचे घेतली. "आपलंच हाय," म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दिवसकार्य उरकल्यावर मी आईपुढे नव्या तांदळाचा भात वाढला. तिने ताट हळूच बाजूला सरकवलं.

"त्यानं कुठं खाल्लंय अजून?"