मिशीला हात लावण्याआधी

मार्गशीर्षातलं धुकं पवना नदीवरून उठून पिंपळे सौदागरच्या इमारतींच्या सातव्या मजल्यापर्यंत चढलं होतं. वरचे मजले आभाळातून टांगल्यासारखे दिसत होते. खाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गाळ्यामागे ज्योतीराम उकिडवा बसून आठवड्याचे नॅपकिन भिजवत होता. सोमवार होता, सलून बंद. आठवड्यात जेवढे गाल, तेवढे सोमवारी बादलीत नॅपकिन. गरम पाणी, सोडा आणि वर मूठभर मीठ. मीठ घालायची रीत परंड्याच्या आबांची, म्हणजे त्याच्या वडिलांची. का घालायचं ते आबांनाही ठाऊक नव्हतं, पण पंचावन्न वर्षं घालत आले होते.

नॅपकिन मुरत पडले की ज्योतीराम स्टीलचा डबा घेऊन निघायचा. सोमवारी त्याची पलंगावरची गिऱ्हाइकं असत. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणी वयानं थकलेलं. डब्यात ब्रश, वस्तरा, अर्धी केलेली ब्लेडं, तुरटी आणि हाताच्या पंजाएवढा आरसा. आरशाबद्दल आबांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिऱ्हाइकाला आरसा दाखवल्याबिगर काम सरत नसतंय." दुकानात खुर्चीसमोर भलामोठा आरसा असला, तरी शेवटी मागून छोटा आरसा धरायचा आणि विचारायचं, "बरोबर?" गिऱ्हाईक मान हलवी, तेव्हा काम सरे. पलंगावरच्यांनाही त्यानं ही रीत कधी चुकवली नाही.

त्यातले नाना वाळुंज म्हणजे त्याचं लाडकं गिऱ्हाईक. चाकणच्या पलीकडच्या गावचे. जमीन कंपन्यांत गेली, नाना स्वतः तीस वर्षं पिंपरीत फिटर होते. रिटायर झाल्यावर मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि एक शनिवार सोडून एक शनिवार ज्योतीरामच्या खुर्चीत बसू लागले. अशी अकरा वर्षं झाली. बसल्या बसल्या एकच सांगणं असायचं, "गवत काप, पन बांधाला हात लावू नगं." बांध म्हणजे मिशी. पांढरीशुभ्र, दोन्ही टोकं वर वळलेली.

दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला डावा हात. तोही फारसं काही करत नसे, फक्त दिवसातून दोन-चारदा सावकाश वर यायचा आणि मिशीचं डावं टोक चाचपून परत चादरीवर जायचा. घरात सगळ्यांना वाटे, सवय आहे हाताची, पंखा आपोआप फिरतो तशी.

त्या सोमवारी नानांच्या पत्नी इंदुताई घरी नव्हत्या, गावी पुतणीच्या हळदीला गेल्या होत्या. मुलगा फर्स्ट शिफ्टला. सून वर्षाली कानात इयरफोन घालून, एका हातात पेजेची वाटी घेऊन दारात आली.

"ज्योतीरामकाका, एक कराल? बाबांची मिशी काढूनच टाका या वेळी. नाचणीची पेज अडकून बसते, कितीही पुसलं तरी वास येतो. परवा उशीवर मुंग्या आल्या होत्या."

"सगळीच?"

"वाढेल की परत. आणि त्यांना कुठे काय कळतंय आता."

शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं. त्यात खोट नव्हती, पाच वाजल्यापासून उभ्या असलेल्या बाईचा थकवा होता. तेवढ्यात इयरफोनवर ऑफिसमधून कुणी तरी तिला हाक मारली आणि ती आत गेली.

ज्योतीरामनं फेस केला. डाव्या तळव्यात नानांची मान घेतली. तीस वर्षांत त्यानं हजारो डोकी अशी तळव्यात धरली होती. माणसाची मान वळवताना ती थोडी आपणहून वळते किंवा थोडी अडते. त्या एवढ्याशा वळण्या-अडण्यावरून गिऱ्हाईक खूश आहे की वैतागलंय, हे ज्योतीरामला तोंड न बघता कळत असे. ब्लेड वरच्या ओठाला टेकलं, आणि नानांची मान अडली. लाकडासारखी झाली. ज्योतीरामच्या तळव्याला ते कळलं. हात मात्र पुढे गेला.

मिशीखालची कातडी फिकट निघाली, भिंतीवरून जुना फोटो उतरवल्यावर मागे चौकोन दिसतो तशी. नानांचा डावा हात वर आला. बोटं ओठावर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग हात चादरीवर पडला.

ज्योतीरामनं आरसा डब्यात टाकला. दाखवला नाही. उशीर होतोय, पुढचं गिऱ्हाईक वाट बघतंय, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं.

मंगळवारी पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यानं तीनदा विचारलं, "मिशी ठेवायची न्हवं? किती ठेवायची? नक्की?"

"अहो, दाढी करताय का लग्न जुळवताय?" गिऱ्हाईक वैतागलं.

शेजारच्या गाळ्यातला गॅरेजवाला रियाज स्कूटरची पाठ उघडी टाकून ऐकत होता. दोघांचे गाळे अठरा वर्षं लागून, एकाचा चहा आला की दुसऱ्याचा कप पुढे. गिऱ्हाईक गेल्यावर तो तेलकट हात पुसत आला. "काय झालं राव? कालपासून तुझा चेहरा पंक्चर झालाय."

ज्योतीरामनं सांगितलं. "सूनबाईच्या परवानगीनं काढलो, माझी काय चूक हाय?"

"काहीच नाही. मला कुणाच्या गाडीचे ब्रेक बदलायचे असले तर मी कुणाला विचारतो?"

"मालकाला."

"गाडीला विचारतो का?"

"येडा हायस का?"

"मग बरोबर केलंस. मालकाला विचारलंस." रियाजनं कप ठेवला. "फक्त नानाची गाडी करून टाकलीस, भावा."

एवढं बोलून तो स्कूटरकडे गेला आणि कुणाच्या तरी खराब क्लचला शिव्या देऊ लागला. ज्योतीराम मात्र दिवसभर तिथंच अडकून राहिला. नानांचं बोलणं गेलं, चालणं गेलं, सहीचा अंगठा सुनेनं धरून उठवायचा. एकेक करून सगळं गेलं, मग उरलं काय? आणि काहीच उरलं नसेल, तर काल मान अडवली कुणी?

बुधवारी सकाळी इंदुताईंचा फोन आला.

"ज्योतीराम, काय करून ठिवलंस रं? काल सांजच्याला घरात पाय टाकला आन् ह्यांचं त्वांड बघून काळजात चर्रर्र झालं. म्हनलं, कोन गेलं?"

त्यांच्या भागात पुरुष मिशी काढतो ती बाप गेल्यावर, दहाव्याला, नदीवर. नानांनी ती जन्मात एकदाच काढली होती, वडिलांच्या दहाव्याला.

"आन् ऐक, सोमवारपास्नं त्वांड उघडंनात. चमचा न्हेला की दात मिटून घ्येत्यात. ड्रॉपरनं पानी तेवढं गिळत्यात. हात बी न्हाई उचलला. डाक्टर म्हनलं, आज काय खाल्लं न्हाई तर उद्या नाकातनं नळी घालाय लागंल."

ज्योतीरामनं शटर ओढलं.

दार वर्षालीनं उघडलं. डोळे सुजलेले. "मी मुद्दाम नाही हो केलं."

"मी बी नाही," ज्योतीराम म्हणाला.

आत जाऊन त्यानं डब्यातून आधी आरसा काढला. "नाना, सोमवारचा आरसा राहिलाय," म्हणाला आणि तो नानांच्या तोंडासमोर धरला. नानांनी बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग डोळे मिटून घेतले.

ज्योतीराम स्टुलावर बसला. "अकरा वर्सं तुमी मला सांगितलाव, बांधाला हात लावू नगं. मी बांध फोडलो. सूनबाईला इचारलो, तुमाला नाही इचारलो. तुमची मान अडली, मला कळलं, तरी बी हात थांबवलो नाही." त्यानं नानांच्या डाव्या हाताखाली आपला तळवा सरकवला. "आता इचारतो. मी काय करू ते सांगा. तुमी म्हनाल ते."

आणि तो थांबला. थांबणं ही न्हाव्याची निम्मी कला. पाणी तापेपर्यंत थांबायचं, गरम टॉवेलखाली दाढी मऊ होईपर्यंत थांबायचं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. दारात उभी असलेली वर्षाली चुळबुळली. इंदुताई ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. तिसऱ्या शिट्टीला तळव्यावरचा हात हलला.

तो तळव्यावरून घसरला, ज्योतीरामच्या मनगटावर आला, बाहीवर चढला. कुठे निघालाय ते बघायला ज्योतीराम खाली वाकला. तशी दोन बोटांनी त्याची काळी, जाडजूड मिशी पकडली.

आणि ओढली.

"आई गं!"

मग इंदुताईंना हसू फुटलं, पदर तोंडावर धरूनही आवरेना. "माजी काढलीस, आता तुजी काढ, आसं म्हंत्यात ते!"

"तुमाला काय म्हाईत?"

"त्रेचाळीस वर्सं झाली लग्नाला. मला न्हाई तर काय तुला म्हाईत आसंल?"

ज्योतीराम मिशी चोळत नानांकडे वळला. "खरं का? माझी काढू? व्हय असंल तर परत वडा."

परत ओढली. पहिल्यापेक्षा जोरात.

आता ज्योतीरामच अडला. परंड्याला आबा हयात होते, ऐंशीचे, ठणठणीत. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची म्हणजे चारचौघांत काय म्हणतील! त्यानं फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"आबा, मिशी काढाय लालोय."

"का रं? मी मेलो काय?"

"तसं नाही. एका गिऱ्हाइकाची न इचारता काढलो. त्यो आता माझी मागायलाय."

पलीकडे खोकला. मग, "न इचारता?"

"हाव."

"मग मिशीच मागायलाय, कान मागीना, हे तुजं नशीब. काढ."

"पर तुमी असताना..."

"मला इचारलास न्हवं? झालं तर मग." फोन बंद.

वर्षालीनं आपणहून आरसा हातात घेतला आणि ज्योतीरामसमोर धरला. तीस वर्षांत त्याच्यापुढे कुणी आरसा धरला नव्हता. चार फटक्यांत मिशी उतरली. मग तो नानांकडे वळला. "बघा, बरोबर?"

मिशीशिवाय ज्योतीराम सोललेल्या लसणीसारखा दिसत होता. नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. त्यांचा डावा गाल वर गेला. घशातून एक आवाज निघाला, बंद पडलेल्या पंपानं पाणी धरावं तसा, आधी खरखर आणि मग भसकन. तोंड उघडलं. इंदुताईंनी पेजेचा चमचा केव्हा उचलला ते कुणाला दिसलंच नाही. तो आत गेला होता. नानांनी गिळला.

दुसऱ्या चमच्याला वर्षाली म्हणाली, "थांबा." तिनं फ्रिजमधलं ताक कोमट करून आणलं, दोन्ही वाट्या नानांसमोर धरल्या. "बाबा, नाचणी की ताक?"

"ताकच लागंल त्यास्नी," इंदुताई म्हणाल्या.

"थांबा आई, त्यांना सांगू दे ना."

थांबल्या. फार वेळ लागला. मग डावा हात उठला आणि त्यानं ताकाच्या वाटीला धक्का दिला. निम्मं चादरीवर सांडलं. दीड वर्षात चादर खराब झाल्यावर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

त्या दिवशी नळी टळली. पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. शुक्रवारी नानांचा हात दिवसभर पडून राहिला, शनिवारीही. वर्षाली विचारत राहिली आणि उत्तर नाही आलं. तरी विचारलं, हे तिनंच ज्योतीरामला पुढच्या सोमवारी सांगितलं, थोडं लाजून.

त्या सोमवारी नानांच्या ओठावर पांढरे खुंट दिसू लागले होते. ज्योतीरामनं फेस केला, वस्तरा उघडला, आणि थांबला.

"नाना, बांधाला हात लावत नाही. नुसतं ओठाच्या कडंचं गवत तेवढं काढतो, म्हंजे पेज अडकायची नाही. काढू?"

मान त्याच्या तळव्यात होती. ती अडली नाही. अंमळ त्याच्याच बाजूला कलली. त्यानं कड साफ केली, तुरटी फिरवली, आरसा धरला. डावा हात वर आला, खुंट चाचपले आणि खाली गेला.

दुपारी तो गाळ्यावर परतला तेव्हा धुकं जाऊन लख्ख ऊन पडलं होतं. रियाज गॅरेजच्या दारात डबा खात होता.

"कोण हो तुम्ही? आमचे ज्योतीराम कुठे गेले?"

"हसून घे. पंधरा दिवसांनी बघ."

"पंधरा दिवस रोज हसणार मग. भाकरी खातोस?"

"आधी नॅपकिन," ज्योतीराम म्हणाला. तो बादलीपाशी उकिडवा बसला, पाणी ओतून दिलं, नळ सोडला. एकेक नॅपकिन खळबळून, पिळून, झटकून गाळ्यामागच्या तारेवर टाकू लागला. सतरावा हातातून निसटून मातीत पडला. त्यानं तो उचलला आणि पुन्हा नळाखाली धरला.